डाव्या चाकातला आवाज

फाटकातून गाडी बाहेर काढली, पहिला गिअर टाकला आणि जेमतेम दहा हात पुढं गेले असेन, तोच डाव्या पुढच्या चाकातून आवाज आला. खर्र. मध्ये जरा थांबून पुन्हा खर्र. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, तसा आवाजही थांबला.

"नाना, हे काय?"

शेजारी बसलेल्या नानांनी रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. "काय?"

"चाकातून आवाज येतोय. काहीतरी घासल्यासारखा."

"काही नाही," ते म्हणाले. "नवे पॅड आहेत. बसायला वेळ लागतो त्यांना. चल पुढं."

मी पुढं निघाले. कृष्णेच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. सगळ्या वाटेत तो आवाज येत होता. वेग वाढला की खर्र-खर्र जवळ जवळ यायची, वेग कमी केला की लांब लांब. नाना मांडीवर हात ठेवून बसले होते, निवांत. फाटकात गाडी लावताना मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. "काही नाही गं."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि पुण्यातला संसार मोडून वाईला आई-नानांकडं येऊन मला पाच आठवडे झाले होते. पाचगणीच्या एका शाळेत गणित शिकवण्याची नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळी साडेसातला हजर व्हायचं होतं. त्या वेळेला पोचेल अशी बस नव्हती, म्हणून भुईंजच्या एका निवृत्त मास्तरांची जुनी पांढरी गाडी घेतली. लायसन्स मला नुकतंच मिळालं होतं. मधे होता पसरणीचा घाट. दहा-बारा किलोमीटरची चढण, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी.

गाडी घरी आली तेव्हा नानांनी पुढचं एक चाक काढून पाहिलं आणि मान हलवली. "ब्रेकचे पॅड संपलेत. डिस्कला पण खाच पडलीय. दोन्ही बदलायला पाहिजे."

"मग साताऱ्याला गॅरेजला टाकते."

नानांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. आई जिन्याच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, साताऱ्याला टाकते म्हणतीय ती."

"साताऱ्याला कशाला? चाळीस वर्षं काय केलं मी? घरीच करू की."

घराच्या बाजूला नानांची शेड होती. रस्त्याच्या अंगाला शटर, वर 'जमदाडे ऑटो' अशी पाटी, आणि मागं अंगणातून गाडी आत जाईल एवढं दार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते शटर खाली ओढलं, ते पुन्हा उघडलं नाही. गुडघे साथ देत नाहीत म्हणून, असं मला पुण्यात फोनवर आईनं सांगितलं होतं.

त्या शनिवारी मात्र नाना दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघ्यांचं नावही काढलं नाही. मी हाताखाली होते. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले, चाकं उतरवली. पॅड निघाले, पण डावीकडची जुनी डिस्क गंजून अशी बसली होती की हलेना. नानांनी हातोडी घेतली आणि चहूबाजूंनी ठोकायला सुरुवात केली. मी कानात बोटं घातली. पाऊण तासानं ती सुटली. नवी डिस्क, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, सगळं पुसून लख्ख केलं. हात धुताना नाना गुणगुणत होते. त्यांना असं खुशीत मी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि आता हा आवाज.

आवाजापेक्षा मला ते दोन शब्द लागले होते. 'काही नाही.' उपेंद्र, माझा नवरा, हेच म्हणायचा. गॅलरीचं दार लोटून घेऊन हळू आवाजात फोनवर बोलायचा. मी आत आले की फोन बंद. कोण होतं, असं विचारलं की "काही नाही, ऑफिसचं." मला तर बाईचा आवाज ऐकू आला, म्हटलं की "तुला भास होतात, सुनेत्रा. डॉक्टरला दाखव." तीन वर्षं तो हे इतक्या शांतपणे सांगत राहिला की शेवटी मी खरंच डॉक्टरांकडं गेले. माझे कान चांगले होते. ती बाईही खरीच होती, हे पुढं कळलं. पण तोवर मला सवय लागून गेली होती. कुठलाही आवाज आला की आधी मनात यायचं, खरंच आला का?

शनिवारी गाडीतून उतरल्यावर मी चाकाशी वाकून उभी राहिले आणि स्वतःला हाच प्रश्न विचारला. खरंच आला का?

रविवारी सकाळी चहा झाल्यावर नाना म्हणाले, "चल, घाट दाखवतो तुला. उद्या एकटी जायचंय."

वाई सोडली, पसरणी मागं पडली आणि चढ लागला. पावसानं त्या वर्षी ओढ दिली होती, डोंगर अजून पिवळे होते. धोमच्या धरणाचं पाणी खाली पार आत गेलं होतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. चढावर वेग कमी, म्हणून आवाजही सावकाश यायचा. पण एका उजव्या वळणाला तो एकदम वाढला. खर्र नव्हे, खर्रर्र.

"आता?" मी म्हणाले. "आता आला ना?"

नाना धरणाकडं बघत होते. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी वळून पाहिलं.

"आला ना आवाज?"

"काही नाही. तू रस्त्याकडं बघ."

वर पोचलो. तिथं न थांबता मी गाडी वळवली, कारण थांबले असते तर पुन्हा बसायचा धीर झाला नसता. उतारावर गाडी आपोआप वेग घ्यायला लागली आणि आवाज इतका जवळ जवळ येऊ लागला, की त्याची आता एकच लांब खरखर झाली. ब्रेक लागत होता. पण ज्या चाकात असलं काहीतरी घासतंय त्याचा ब्रेक किती वेळ लागेल, हे मला कोण सांगणार? मागून बस आली आणि हॉर्न वाजवत राहिली. एका वळणाला रस्ता थोडा रुंद होता, तिथं मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि बंद केली. बस निघून गेली.

मी नानांकडं वळले आणि ओरडले. "एवढा मोठा आवाज येतोय! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

नानांचा चेहरा एकदम उतरला. एखाद्याच्या हातातलं भांडं निसटून फुटावं आणि तो त्याच्याकडं बघत राहावा, तसे ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

"चल घरी," ते म्हणाले.

उरलेली वाट मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. घरी पोचल्यावर नाना गाडी घेऊन तसेच शेडमध्ये गेले. मी स्वयंपाकघरात आले, पाणी प्याले आणि आईला सांगितलं, "मी शाळेत फोन करते. मला जमणार नाही म्हणून सांगते."

आई पोळ्या करत होती. "कशामुळं जमणार नाही?"

"त्या गाडीतून मी घाट उतरणार नाही. आवाज येतोय तर हो म्हणायचं, नाहीतर बघतो म्हणायचं. नुसतं काही नाही, काही नाही. सगळ्यांना मीच वेडी वाटते."

आईनं तव्यावरची पोळी उलटली. गॅस बंद केला, हात पुसले, आणि म्हणाली, "फोन मग कर. आधी त्यांना जेवायला बोलव."

"तू हाक मार ना."

"माझी हाक पोचत नाही त्यांना. जा, जाऊन सांग."

मला वाटलं, ती आपली संसाराची तक्रार करतेय. मी शेडकडं गेले.

मागचं दार उघडं होतं. नानांनी डावं पुढचं चाक पुन्हा वर उचललं होतं आणि ते माझ्याकडं पाठ करून खाली बसले होते. त्यांनी हातानं चाक फिरवलं. खर्र... खर्र... खर्र. बंद शेडमध्ये तो आवाज घाटापेक्षा मोठा वाटला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं, आता कळेल यांना.

नानांनी मान वाकवून उजवा कान चाकाजवळ नेला. चाक फिरवलं. खर्र... खर्र. मग मान फिरवून डावा कान नेला, अगदी टायरला लागेल इतका जवळ. डोळे मिटले. पुन्हा फिरवलं. खर्र. पुन्हा. खर्र. त्यांचा चेहरा मला एका बाजूनं दिसत होता. आभाळात लांबवर विमान शोधणाऱ्या माणसाचा असतो तसा, ताणलेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि हात मांडीवर टाकले.

"नाना," मी म्हणाले.

ते हलले नाहीत.

"नाना!"

मी त्यांच्यामागं चार पावलांवर उभी होते. चाक अजून हळूहळू फिरत होतं. नानांनी ते हातानं थांबवलं आणि तसेच बसून राहिले.

मला मागे फिरावंसं वाटलं. पाच आठवडे मी या घरात राहत होते. आई प्रत्येक गोष्ट दोनदा बोलते, हे मला दिसलं होतं, आणि ती म्हातारी झाली असं मी समजले होते. 'अहो, ती विचारतीय की.' 'अहो, ते पोस्टमन म्हणतायत की.' रोज, दिवसभर. नाना बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असायचे, आणि मी पुण्याहून येऊन माझ्याच दुःखात अशी बुडालेली की मला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतात माझं.

मी त्यांना वळसा घालून समोर गेले आणि जमिनीवर बसले. त्यांनी मान वर केली. मी कधीपासून तिथं होते हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "तीन वर्षं झाली असतील. मोठं, जाड काही असलं तर येतं ऐकू. ट्रकचं इंजिन येतं. बारीक काही येत नाही. तुझी आई बोलते ते निम्मं येतं, निम्मं मी धरून चालतो."

"आणि गॅरेज?"

नानांनी हातातली चिंधी घडी घातली, पुन्हा उलगडली. "मेणवलीचे एक जण जीप घेऊन आले होते. मागच्या चाकातून शिट्टी येतीय म्हणाले. मी चालवून बघितली. म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बरं म्हणाले, गेले. माणूस चांगला, बोलला काही नाही. पण दुसरीकडं दाखवली त्यांनी. बेअरिंग गेलं होतं." ते थांबले. "मेकॅनिकचं निम्मं काम कानांचं असतं, सुनेत्रा. महिन्याच्या आत शटर ओढलं. गुडघे सांगितले लोकांना. गुडघे कुणी तपासून बघत नाही."

"मला तरी सांगायचं."

"तुझं काय कमी होतं का?"

मग ते नजर खाली घालून बोलू लागले.

"काल तू आवाज येतोय म्हणालीस. मला वाटलं, नवी चालवणारी आहे, घाबरतीय." मग त्यांनी मान हलवली. "नाही. खरं सांगतो. असेल, असंच वाटलं होतं मला. पण आहे म्हटलं असतं तर कसला आहे, कुठला आहे, हे मला सांगावं लागलं असतं. म्हणून नाही म्हटलं. माझी उणीव झाकायला तुला खोटं पाडलं. आणि त्याच गाडीत तुला घाटात घेऊन गेलो."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती फक्त मला ऐकू आली.

"नाना, कदाचित फार काही नसेलही. मला जरा जास्तच—"

"तुला ऐकू येतंय ना?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "मग आहे. संपलं."

मी उठले आणि शेडमधला दिवा लावायला गेले. दिव्याची गरज नव्हती, भरदुपार होती. तिकडं तोंड करून मी थोडा वेळ उभी राहिले. परत येऊन बसले तेव्हा नाना मांडी ठोकून तयार होते.

"आता सांग. कसा आहे आवाज? घर्र आहे का खर्र?"

"खर्र."

"म्हणजे जाड नाही, पातळ आहे. सारखा येतो का तुटक?"

"तुटक. चाकाच्या एका फेरीत एकदा. वेग वाढला की जवळ जवळ येतो."

"ब्रेक दाबल्यावर वाढतो?"

मी आठवून पाहिलं. "नाही. दाबला तरी तसाच, सोडला तरी तसाच."

नानांनी एक बोट मिटलं. "मग पॅड नाही. न्यूट्रलला टाकली तर?"

"तरी येतो. उतारावर एकदा टाकून बघितलं होतं मी."

"उतारावर न्यूट्रल?" नाना ओरडले. "घाटात? पुन्हा करायचं नाही तसलं! कुणी शिकवलं तुला?" आणि मग दुसरं बोट मिटलं. "बरं. इंजिन, गिअर, काही नाही. वळणावर?"

"उजव्या वळणाला वाढतो. डाव्या वळणाला जवळजवळ जातोच."

"उजव्या वळणाला गाडीचा भार डाव्या चाकावर येतो." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते, पण आता त्यांचे डोळे चाकावर होते, माझ्या ओठांवर नव्हते, आणि मला थांबून त्यांच्या हाताला हात लावावा लागला. त्यांनी वर पाहिलं. "हां. कशासारखा आहे? घरातलं काहीतरी सांग. स्वयंपाकघरातलं."

मी चाक फिरवून पुन्हा ऐकलं. नखं पाटीवर? नाही. खलबत्ता? नाही, तो जाड. मग सुचलं.

"आईचा पिठाचा डबा आहे ना, पत्र्याचा? त्याचं झाकण वाकडं बसलं आणि तसंच फिरवलं की कसा करतो, तसा."

नानांचं सबंध तोंड उजळलं.

"पत्रा!" ते म्हणाले. "अगं, पत्राच आहे तो. चाक काढ, चाक काढ."

नट मी सोडवले. चाक बाजूला झालं, नवी डिस्क चकाकत समोर आली. नानांनी मला बॅटरी दिली. "डिस्कच्या मागं एक पातळ पत्रा असतो. चिखल-पाणी उडू नये म्हणून. खाली वाकून बघ, कुठं घासलाय का. घासला असेल तिथं चकचकीत दिसेल."

मी गालाला फरशी लागेपर्यंत वाकले. काळ्या, गंजक्या पत्र्याच्या वरच्या कडेला बोटभर लांबीची एक रेघ होती, सुईसारखी लख्ख.

"आहे! वरच्या बाजूला. पत्रा आत वाकलाय."

"काल डिस्क निघेना तेव्हा हातोडीचा एक घाव चुकीचा बसला असणार," नाना म्हणाले. "पत्र्यावर पडला की टण्णकन वाजतं. मला कळलंच नाही."

मी त्यांना सांगितलं नाही की मी तेव्हा कानात बोटं घालून बसले होते.

त्यांनी माझ्या हातात पक्कड दिली. "कडेला धर. बाहेरच्या बाजूला ओढ, अगदी हळू, एकदम ओढलास तर फाटेल. मी डिस्क फिरवतो. तू ऐकून सांग."

नानांनी डिस्कवर उलटे दोन नट लावून ती घट्ट केली आणि फिरवायला लागले. मी पक्कड धरून ओढलं.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे... कमी झाला."

"अजून केसभर ओढ."

मी ओढलं. डिस्क फिरली. दुसऱ्यांदा फिरली. पॅडची मऊ कुजबूज तेवढी उरली होती. नाना फिरवत राहिले, माझ्याकडं बघत. मी मुद्दाम घाई केली नाही. पाच फेऱ्या होऊ दिल्या.

"गेला," मी म्हणाले.

"गेला?"

"गेला, नाना."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. दुसरं कुणी ऐकून सांगावं, असंही म्हणाले नाहीत. डिस्कवर दोन बोटं ठेवून एकदा सबंध फिरवली, हाताला काय लागतंय ते पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "चाक आण."

जेवणं उशिरा झाली. आई वाढताना दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. ती नानांना म्हणाली, "अहो, ती भात मागतीय," तेव्हा नाना म्हणाले, "तिला माहीत आहे आता." आईनं पातेलं खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि तशीच आत गेली. शटर ओढल्यापासून ती एकटी ते सांभाळत होती.

चारच्या सुमाराला आम्ही पुन्हा घाट चढलो. आता नाना माझ्याकडं तोंड करून तिरके बसले होते. प्रत्येक वळणाला विचारायचे, "आता?" आणि मी मान हलवायची. आवाज नव्हता. उजव्या वळणाला नव्हता, डाव्या वळणाला नव्हता. फक्त इंजिनाचा घुमारा आणि खिडकीतून येणारा वारा. वर पोचायच्या जरा आधी एक बाई शेगडीवर कणसं भाजत होती. मी गाडी बाजूला घेतली.

बाईनं दोन कणसं निवडली आणि मान खाली घालूनच विचारलं, "तिखट लावू का नुसतं लिंबू-मीठ?"

नाना हसले आणि त्यांनी मान डोलावली. ते हसणं आता मी ओळखत होते. कुणीही काहीही विचारलं तरी चालेल असं ते हसणं होतं. बाईनं गोंधळून वर पाहिलं. मी बोलणार, तेवढ्यात नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घसा साफ केला.

"बाई, जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

बोलून झाल्यावर ते अंग चोरून उभे राहिले, आता काहीतरी होईल अशा तयारीनं. बाईला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिनं कणीस हातात धरून, पलीकडच्या टपरीवरचे दोघं वळून बघतील इतक्या मोठ्यानं विचारलं, "आजोबा! तिखट लावू का?"

"लावा की," नाना म्हणाले. "भरपूर लावा."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी एकटी घरातून निघाले आणि सात वीसला शाळेच्या फाटकात होते. त्या शाळेत मी पुढं अकरा वर्षं शिकवलं. जुलैमध्ये आईनं नानांना साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. यंत्र मिळालं. नानांना ते कधीच फारसं आवडलं नाही. माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात, म्हणायचे. पण त्याच महिन्यात त्यांनी एके सकाळी शटरच्या खाचांना तेल घातलं आणि ते वर ढकललं. पूर्वीसारखी गर्दी झाली नाही, तशी त्यांना नकोही होती. क्लच असो, तेल असो, टायर असो, कुठल्याही दिवशी या म्हणायचे. फक्त कुणी गाडीतून आवाज येतो असं म्हणालं, की चिंधीला हात पुसत ते सरळ सांगायचे,

"मग रविवारी आणा. रविवारी माझी मुलगी घरी असते."